पुढच्या खोलीत दुसरं कोणी

१२ नोव्हें., बुध.
आज बोथचा पडदा आदिलाबादेत दिसला. कॉम्प्युटर माझाच, बोथच्या माझ्या घरातल्या पुढच्या खोलीतला, आणि मी इथं मुलाच्या, प्रशांतच्या, भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून. रेवतीच्या जुन्या लॅपटॉपवर मी केलेल्या लग्नपत्रिकांचे फोल्डर एकेक करून उमटले. थोडा वेळ चाललं, मग पडदा काळा. तरी दिसलं तर खरं. रेवतीला हाक मारून दाखवलं. सून म्हणून तिला गुण पैकीच्या पैकी. कुकर गॅसवर सोडून आली आणि "भारी, आई" म्हणाली.

रविवारी प्र. बोथला जाऊन सगळं जोडून आला. त्याचं पहिलं म्हणणं होतं, सीपीयूच उचलून आणतो, एका चकरेत काम. मी म्हटलं, मशीन म्हातारं आहे, जुन्या मराठी फाँटचं कुलूप, डोंगल म्हणतात ते, मागे खोचलेलं आहे, बसच्या हादऱ्याने गेलं तर तो फाँट आता बाजारात मिळत नाही. त्यापेक्षा ते तिथं राहू दे, मी इथून चालवते. सगळं खरं आहे, पण खरं कारण वेगळं. सीपीयू तिथून निघाला की तिथं माझं काय उरलं? हे फक्त इथंच लिहिते.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळपासून जोडत नाही. "दूरचा कॉम्प्युटर सापडत नाही." अरे, सापडत नाही म्हणजे? टेबलावर आहे, मी सोडून आले तिथंच.

लताला फोन. धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर, किल्ली तिच्याकडे. दसऱ्याच्या सुमाराला मी न्हाणीत पडले तेव्हा दुपारी तिनेच आवाज ऐकला. तोवर तशीच पडून होते. तेव्हापासून प्र. ने मला एकटं राहू द्यायचं नाही हे डोक्यात घेतलं आहे. रागावता येत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

लता म्हणाली, ती दिवा लावायला जाते आणि येताना मीटरजवळचा मेन खाली ओढते. "रिकाम्या घरात करंट काऊन ठेवा लागते, बाई?" समजावलं की आता घर रिकामं नाही, मी तिथं बसलेली असते. ती म्हणाली, असं नका बोलू, भेव वाटते.

मेन वर केला. तरी जोडेना.

१४ नोव्हें., शुक्र.
कळलं. लाइट जाऊन आली की इंटरनेटचा डबा तिथल्या घराला नवा पत्ता देतो. म्हणजे मी जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसले होते. प्र. ने शाळेतून आल्यावर काहीतरी कायमचं नाव घेऊन दिलं, आता पत्ता कितीही बदलो, नाव तेच. गणिताचा मास्तर आहे, एकदा हातात घेतलं की सोडवतो. वेळ मात्र मिळत नाही त्याला.

दुसरं. मशीन पुन्हा चालू झालं की कोणीतरी तिथं बसून पासवर्ड टाकल्याशिवाय वायफाय जोडत नाही. ते काम लताचं. फोनवर मी अक्षर सांगते, ती शोधते. "एस कुठी हाय?" करत करत झालं एकदाचं.

१५ नोव्हें., शनि.
पहिली पत्रिका इथून केली! तुळशीचं लग्न झालं, आता धाड येईल. भैंशाच्या प्रेसवाल्यांनी दोन मजकूर पाठवलेत. या भागात पत्रिकेचा मराठी मजकूर जुळवणारी मी एकटीच उरले. बाकी सगळे तेलुगू करतात आणि मराठी मागितली की हिंदीतून उलटी करून देतात. सौभाग्यकांक्षिणीच्या जागी "सौभाग्यकांचनी" अशी एकाने छापलेली पाहिली आहे. मुलीचं ते कांचन कुठून आलं देव जाणे.

अक्षर दाबलं की ते तिथं उमटायला वेळ लागतो, त्यामुळे मी दोनदा दाबते आणि दोनदा उमटतं. "चि. चि. सौ. सौ. कां." एकीच्या दोन नवऱ्या झाल्या. मग मन शांत ठेवून एकेक दाबलं. संध्याकाळपर्यंत झाली.

बोटांना घर आठवतं. डोळे मात्र खिडकी शोधतात. तिथं पडद्याच्या मागे खिडकी आहे, तिच्यातून रस्ता, येणारा-जाणारा आत डोकावून विचारतो, बाई, कोणाची पत्रिका? इथं पडद्याच्या मागे भिंत, भिंतीवर रे. च्या माहेरचं घड्याळ.

१७ नोव्हें., सोम.
काल रात्री तिकडे लाइट गेली. आज पुन्हा लता, पुन्हा पासवर्ड. "चुकीचा आहे म्हणून राह्यलं." परत टाक. चुकीचा. मोठी लिपी-छोटी लिपी बघ. चुकीचा. शेवटी मी विचारलं, वर नाव कोणाचं दिसतं?

"त्यायचंच."

कोणाचं? त्यायचंच, बाई. नाव वाच ना. तर ती नुसती हसली. आता ध्यानात आलं. कॉम्प्युटर यांनी घेतला तेव्हा खात्याला आपलंच नाव दिलं, दत्तू. हे लताचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्याचं नाव ती कशी घेईल? यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी नाही. मी मात्र कधीच बाटले. पत्रिकांमध्ये निमंत्रक म्हणून लोकांचे नवरे जुळवता जुळवता स्वतःच्या नवऱ्याचंही नाव टाइप करायला लागले. खात्याचं नाव बदललं नाही. कै. लावायचं तेवढं राहिलं म्हणा.

म्हटलं, जाऊ दे, नाव नको घेऊ, पासवर्ड परत टाक. चुकीचा.

१८ नोव्हें., मंगळ.
दिवस वाया. प्रेसवाल्यांचे दोन फोन. लताला म्हटलं, पहिलं अक्षर तरी सांग. बराच विचार करून म्हणाली, "डी." मग बरोबरच आहे. दत्तूचा डी. मग घेत का नाही? प्र. म्हणाला, बटन अडकत असेल कीबोर्डचं, म्हातारं मशीन आहे, आणूनच टाकतो ना. मी विषय बदलला.

१९ नोव्हें., बुध.
सकाळी सहज जोडून बघितलं आणि जोडलं! लताने तर काही केलं नव्हतं. आनंदाने यांचं नाव, माझा पासवर्ड टाकला. तर पडद्यावर चौकट: या कॉम्प्युटरवर दुसरं कोणी बसलेलं आहे. देवा. तुम्ही पुढे गेलात तर त्यांना बाहेर पडावं लागेल. पुढे जायचं?

देवा म्हणजे देवराव. माझे दीर. लताचा नवरा.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. डी दत्तूचा नव्हता, देवाचा होता. भासऱ्याचं नाव ती घेत नाही तसं नवऱ्याचंही घेत नाही, दोघंही "ते". मी दोन दिवस तिच्याकडून माझा पासवर्ड तिच्या नवऱ्याच्या नावावर टाकून घेत होते. हसू आलं. आणि मग हसू गेलं. कारण माझ्या कॉम्प्युटरवर माझ्या दिराच्या नावाचं खातं कोणी केलं? आणि सकाळी सकाळी ते माझ्या पुढच्या खोलीत काय करत होते?

"पुढे" दाबलं. थोडा वेळ गोल फिरलं. उत्तर आलं: परवानगी नाकारली.

माझ्याच घरात आत येऊ का म्हणून विचारलं, आणि आतून नाही म्हणाले. लॅपटॉप मिटून बसून राहिले. रे. ने विचारलं, पाय दुखतो का. हो म्हटलं.

२० नोव्हें., गुरु.
भाऊजींचाच फोन आला. गरीब बिचारे. "वहिनी, काल ते मशीन कायतरी विचारून राह्यलं होतं. मले काई समजलं नाई, मी 'नाई' दाबून देल्लं." विचारणारी मीच होते हे त्यांच्या गावीही नव्हतं. कापसाचा रोजचा भाव बघायला बसतो म्हणाले. लहान व्यापारी, गाडीगाडीने कापूस घेतात, भाव बघावाच लागतो. म्हटलं बघा, पण चौकट आली की हो म्हणत जा. सरे, सरे, म्हणाले, म्हणजे बरं, बरं. बोथच्या बाजारात राहून निम्मे तेलुगू झालेत.

खातं कोणी करून दिलं, हे विचारणार होते. विचारलं नाही. उत्तर माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

२१ नोव्हें., शुक्र.
प्लास्टर काढलं. जाताना प्र. आणि त्याचा एक मित्र, दोघांनी खुर्चीत बसवून उचलून खाली नेलं, तसंच वर आणलं. पाय वाळल्या लाकडासारखा झालाय. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात वॉकर घेऊन चाला, जिना इतक्यात नको. मी विचारलं, बोथच्या घराला जिनाच नाही, तिथं चाललं तर? डॉक्टर हसले. प्र. हसला नाही.

२२ नोव्हें., शनि.
नवीनच. जोडतं, नीट चालतं, आणि जरा काम केलं की आपोआप बंद. तीनदा. हे कनेक्शनचं नाही, मशीनचं. तापत असणार. लताला म्हटलं, डब्याच्या मागे पंखा आहे, जाळी बघ. ती म्हणाली, पंखा दिसूनच नाई राह्यला, कापूस बसला. म्हटलं, जळमट असेल. "नाई बाई, कापूसच. खोलीत कापूसच तं हाय."

खोलीत म्हणजे?

तिने सांगून टाकलं. दिवाळीपासून पुढची खोली छतापर्यंत भरली आहे. टेबलाभोवती तेवढी जागा ठेवली आहे, माझं मशीन म्हणून. खिडकीही झाकली गेली. "प्रशांतले विचारूनच ठेवला." मग घाबरली, मी सांगितलं म्हणू नका म्हणाली. म्हटलं नाही म्हणत. जुन्या टूथब्रशने जाळी साफ कर, ओलं फडकं लावू नको.

तिने साफ केली. दिवसभर बंद पडलं नाही. पंखा सुटला, पण मी नाही.

२३ नोव्हें., रवि.
प्र. शी बोलले. जेवण झाल्यावर, रे. आत असताना. खातं त्यानेच करून दिलं. जोडायला गेला त्याच रविवारी. खोली द्यायचं तर दिवाळीतच ठरलं होतं. मी इथं बसून बेसनाचे लाडू वळत होते. घर बंद ठेवलं तर वाळवी लागते, काका रोज जातात म्हणजे घर जागतं राहतं, असं त्याचं म्हणणं. खोटं काहीच नाही त्यात. मी म्हटलं, मला विचारायचं होतं. तो म्हणाला, तू नाई म्हणली असती.

मग म्हणाला ते तसंच लिहून ठेवते. "आई, तू पडली तवा मी वर्गात होतो. फोन सायलेंटवर. काकू करून करून थकली. मले परत तसा फोन पाह्यचा नाई." त्याचा आवाज बदलला होता. मी पाठीवर हात ठेवला. वाटलं, संपला विषय, राहू दे कापूस.

आणि मग तो डोळे पुसून, अगदी आनंदाने म्हणाला, "आन आता तं तुयं काम बी इथूनच होते. मग जायचं काऊन?"

हात धुवून मीच या कनेक्शनच्या मागे लागले होते. पत्ता शोधला, पासवर्ड शोधला, पंखा साफ करवला. एकेक अडचण काढली, आणि प्रत्येक अडचणीबरोबर माझं घरी जायचं एक कारण काढलं. आपल्याच पायावर धोंडा म्हणावं, तर पाय आधीच मोडका.

२६ नोव्हें., बुध.
कनेक्शन उत्तम. भाऊजींशी वेळ ठरली आहे, सकाळी ते, दुपारी मी. मी आत गेले की त्यांच्यासमोरचा पडदा आपोआप बंद होतो, ते बसले की मी बाहेर. एकदा ते उठायला विसरले तेव्हा मी "पुढे" दाबलं आणि त्यांनी निमूट हो म्हटलं. मग फोन करून म्हणाले, मी भाव पूर्ण पाह्यला नव्हता, पण बसा तुमी.

रे. ने खिडकीजवळ टेबल लावून दिलं. मागे उशी, पायाखाली पाट. "आईंचं ऑफिस" म्हणते, आल्या-गेल्याला दाखवते. इतकी चांगली मुलगी आहे की तिच्यासमोर उदास बसायचीही चोरी. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. आज त्या मोजायला लागले आणि स्वतःलाच रागावले.

२८ नोव्हें., शुक्र.
किसनरावांची पत्रिका अडली. बोथजवळ भाजीचा मळा आहे त्यांचा, मोठीच्या लग्नाची पत्रिका मीच केली होती, आता धाकटीची. लग्न मार्गशीर्षातच, म्हणून घाई. प्रश्न नेहमीचाच: धाकट्या भावाचं नाव कुठे. भाऊ म्हणतो निमंत्रकात, किसनराव म्हणतात "आपले विनीत"च्या गर्दीत. पाच प्रूफं पाठवली. एक भाऊ हो म्हणतो तर दुसरा फोन उचलत नाही.

हे काम टायपिंगचं नाहीच मुळी. दोघं भाऊ पुढच्या खोलीत येऊन बसतात, मी चहा ठेवते, दोन्ही नावं पडद्यावर लिहून दाखवते. मोठं टाइप, बारीक टाइप. आपलं नाव डोळ्यांनी दिसलं की माणूस अर्धा नरमतो. मग मी म्हणते, दोन्ही एका ओळीत घेते, वयाने मोठा डावीकडे. किती भांडणं अशी मिटली. माझं नाव कुठल्याच पत्रिकेवर नसतं, पण त्या खोलीत माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. आता तिथं कापूस बसला आहे.

किसनराव फोनवर म्हणाले, "बाई, तुमी घरी असत्या तं आमचं आजच मिटलं असतं. फोनवर मले त्याचा आवाज बी आयकू वाटत नाई." मी म्हटलं, येते. कधी ते विचारलं. पुढच्या शुक्रवारच्या आत, मी शब्द दिला. तीन जिन्यांवर बसून शब्द दिला मी.

३० नोव्हें., रवि.
प्र. ला सांगितलं, दोन दिवसांसाठी ने. तो म्हणाला, दोघांना व्हिडिओवर बसवतो एकदम, तुझ्यासमोर. हे बोलत असतानाच भाऊजींचा फोन. यंदा आवक जास्त आहे, मधली खोलीही मिळाली तर बरं. प्र. माझ्याकडे न बघता हो म्हणाला. माझी भांडी माळ्यावर चढवतील, काळजीने, कागदात गुंडाळून. कोणी माझं वाईट करत नाहीये. सगळे मिळून चांगलं करत आहेत, आणि मला ओरडावंसं वाटतं आहे.

ओरडले नाही. वरण वाढलं.

१ डिसें., सोम.
बंद केलं.

दुपारी माझ्या वेळेला आत गेले. किसनरावांची फाइल नीट ठेवली. मग पासवर्ड बदलला, प्र. ला जुना माहीत आहे म्हणून. मग सेटिंगमध्ये गेले, दुरून यायला परवानगी आहे त्यावरची खूण काढली. मशीनने विचारलं, नक्की? तिथल्या मशीनला इथून सांगितलं की आता मला इथून आत घेऊ नको. हो. कनेक्शन सोडलं. परत जोडून बघितलं, जोडत नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती चौकट बघून बरं वाटलं. भाऊजींना त्यांचं खातं राहू दिलं, भाव बघता येईल. पण खूण परत लावायचा हक्क फक्त माझ्या खात्याला आहे, आणि ती तिथं बसूनच लागते.

प्र. आल्या आल्या सांगितलं. बिघडलं असं सांगता आलं असतं, पण लपवायचं नव्हतं. "मीच बंद केलं. तिथं गेल्याशिवाय चालू होणार नाही. मला बोथला सोड."

तो बूट काढत होता, एक पायात तसाच राहिला. रे. स्वयंपाकघराच्या दारात.

"आई, तू तिथं एकटी पडली तं?"

"पडले तर पडेन. इथं उभीच नाहीये मी, प्रशांत."

असं बोलायला नको होतं का? कळत नाही. त्याने दुसरा बूट काढला आणि गॅलरीत जाऊन फोन केला, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात. काका, बुधवारी सीपीयू बसमधी घेऊन या. हो, ते मागचं कुलूपबिलूप, सगळं.

म्हणजे बुधवारी तिथून माझं शेवटचं सामान निघणार.

२ डिसें., मंगळ.
प्र. शाळेत, रे. तिच्या ऑफिसात. सकाळी लताला फोन केला. मी येते आहे म्हटलं. मला वाटलं, घाबरेल, प्रशांतले विचारा म्हणेल. ती म्हणाली, "या तुमी, बाई. पलंगापुरती जागा होते." मग हळूच म्हणाली, बुधवारचं मी पाह्यतो, त्यायले आज सांगूनच देतो, मशीन नेऊ नका. एवढं ती कधी बोलली नव्हती.

ऑटोवाल्याला अडीचची वेळ दिली, बसस्टँडपर्यंत. पिशवीत दोन साड्या, गोळ्या, चष्मा, ही वही. रे. साठी चिठ्ठी ठेवली नाही, फोन करीन. दाराला लॅच आहे, ओढून घेतलं की लागतं. किल्ली माझ्याकडे नाही. ओढून घेतलं.

वॉकरने जिना उतरता येत नाही हे मला माहीत होतं, तरी एक पायरी करून बघितली. मग वॉकर वर ठेवला आणि बसले. पायरीवर बसायचं, हातांनी रेटून खालच्या पायरीवर बसायचं. लहान मूल उतरतं तसं. साडी मळली. घोटा ठणकतो आहे, पण धरतो आहे.

आता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले आहे. इथल्या तेलुगू बाईने दार उघडून विचारलं, "एमय्यिंदि, अम्मा?" मी म्हटलं, काही नाही झालं, बोथला जाते. ती माझ्याकडे आणि वर बघत राहिली, मग पाण्याचा तांब्या आणून दिला आणि दार उघडंच ठेवून आत गेली. आत फोनवर कोणाशी तरी बोलते आहे. रेवतीशी तिची ओळख आहे.

वर जायचं म्हटलं तरी आता जमणार नाही. बसत बसत उतरता येतं, चढता येत नाही, आणि चढून तरी दार बंदच आहे. भीती वाटते आहे. खूप वाटते आहे. तरी दसऱ्यापासून पहिल्यांदा मी स्वतःच्या पायाने, म्हणजे स्वतःच्या हाताने म्हणा, कुठेतरी निघाले आहे.

खाली एक गाडी येऊन थांबली. ऑटो असेल तर हॉर्न वाजवेल. प्रशांत असेल तर वाजवणार नाही, सरळ वर येईल. अजून हॉर्न वाजलेला नाही.